चिंधीची पिशवी

‘चिंधी’ हा शब्द आपल्या महाविद्यालयाच्या आवारात दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, याची मोजदाद कोणी केली आहे काय? कँटीनमध्ये चहाचे पैसे काढताना कोणी मागे राहिला, की तो ‘चिंधी’. वक्तृत्व स्पर्धेत कोणाचे भाषण फसले, की त्याच्या ‘चिंध्या उडाल्या’. क्षुल्लक, हलके, टाकाऊ असे जे जे असेल त्या सर्वांना मिळून आपण हा एकच शब्द बहाल करून टाकला आहे.

प्रथम वर्षात असताना हा शब्द माझ्याही वाट्याला आला. झाले इतकेच, की वर्गात मागे बसलेल्या मैत्रिणीने माझ्या पाठीवर चिकटलेले दोऱ्याचे लाल टोक उचलून सर्वांना दाखवले. त्या दिवसापासून काही महिने मी ‘चिंधी’ होते. मैत्रिणीच्या मनात वाईट काही नव्हते हे मला आज कळते. परंतु त्या एका शब्दापायी आमच्या घरात जे घडले, ते सांगितल्यावाचून या लेखाचा विषय सुरू होत नाही. विषय तसा साधा आहे. शिवणाच्या टेबलाला अडकवायची, कातरण गोळा करायची एक पिशवी कशी शिवावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आमचे गाव इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि तेव्हापासून या गावाची ओळख कापडाशी जोडली गेली ती कायमची. आमच्या गल्लीत मागांची खडखड थांबली, तर लोकांना झोपेतून जाग येते! कोणी सूत भरतो, कोणी माग चालवतो, कोणी कापडाच्या घड्या घालतो. माझी आई घरी ब्लाऊज शिवते. वडिलांच्या माघारी तिच्या पायाखालच्या पॅडलवर आमचे घर चालत आले आहे.

एक ब्लाऊज म्हणजे किती चिंध्या, याचा विचार शिवून घेणाऱ्या बाईने कधी केलेला नसतो. साधारण ८० सेंटिमीटरचा ब्लाऊजपीस घ्या. त्यातून पाठ, दोन पुढचे भाग, कटोऱ्या, बाह्या आणि पट्ट्या निघाल्या, की खाली उरतात ते गळ्याचे अर्धगोल, मुंढ्याच्या चंद्रकोरी, बाहीच्या कडेचे त्रिकोण, अस्तराच्या अरुंद पट्ट्या आणि दोऱ्यांची असंख्य टोके. लग्नसराईत दिवसाला चार-पाच ब्लाऊज झाले, की मशीनखाली रंगीबेरंगी ढीग साचतो. आई तो पायाने कोपऱ्यात सारत असे आणि संध्याकाळी तो झाडून काढणे हे माझे काम असे.

मैत्रिणींनी नाव ठेवल्यावर मला त्या ढिगाची लाज वाटू लागली. ‘अभ्यास आहे’ अशी सबब सांगून मी झाडण्याची टाळाटाळ करू लागले. अशाच एका संध्याकाळी मी स्नेहसंमेलनाच्या तालमीला निघून गेले. त्या दुपारी जाड शिवणीवर मशीनची सुई मोडली होती. तिचे टोक चिंध्यांत उडाले होते. आईला ते सापडले नव्हते. ‘पोरगी झाडेल तेव्हा निघेल’ असे तिने धरून चालले. पोरगी झाडायला घरी नव्हतीच. माझा धाकटा भाऊ त्या वेळी चौथीत होता. मांजराच्या पिलामागे तो त्या ढिगातून धावला आणि सुईचे टोक त्याच्या टाचेत शिरले.

पुढचे थोडक्यात सांगते. टोक आत मोडलेले असल्यामुळे ते काढायला छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. भाऊ आठवडाभर लंगडत होता. एका लग्नघरचे सात ब्लाऊज वेळेवर गेले नाहीत आणि ते गिऱ्हाईक तुटले. आई मला एका शब्दाने बोलली नाही. तिने फक्त त्या रात्री स्वतः केरसुणी घेतली आणि दिव्याखाली बसून एकेक चिंधी हाताने चाचपून पाहिली. मला बोलली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

त्याच सुमारास अर्थशास्त्राच्या तासाला सर उपउत्पादने शिकवीत होते. कापसातून रुई काढली, की सरकी उरते. तिचे तेल निघते आणि तेल काढून राहिलेली पेंड जनावरे खातात. ‘जे उरते त्याला जागा दिली, की ते माल होते, जागा दिली नाही, की तोच कचरा,’ अशा अर्थाचे काहीतरी सर बोलले. वर्ग वहीत लिहून घेत होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमच्या मशीनखालचा कोपरा उभा राहिला. त्या चिंध्यांना आम्ही जागाच दिली नव्हती!

चिंधीचे कूळ

पिशवीकडे वळण्यापूर्वी चिंधीची थोडी चौकशी करणे वावगे ठरू नये. श्रीकृष्णाचे बोट कापले तेव्हा द्रौपदीने आपल्या भरजरी वस्त्राची चिंधी फाडून बांधली, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. वस्त्रहरणाच्या प्रसंगी त्या एका चिंधीची परतफेड झाली, असे आपली लोकश्रद्धा सांगते. अगदी अलीकडच्या काळात यायचे, तर संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर ठिगळांचे वस्त्र वागवीत. त्यामुळे लोक त्यांना ‘गोधडेबुवा’, ‘चिंधेबुवा’ म्हणत. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या या माणसाने चिंधीची लाज कधी धरली नाही. मी मात्र घर झाडण्याची लाज धरली होती!

आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, वर तुकडे मांडायचे आणि धावदोऱ्याने सारे एकजीव करायचे, ही तिची रीत. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर असेच शिवून ‘कांथा’ करतात आणि पूर्वी त्यासाठीचा रंगीत दोरा साडीच्या काठातूनच उसवून घेत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणारे, आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक ‘कवंदी’ शिवतात. त्यांच्या बायका कडेकडेने तुकडे लावीत मध्याकडे येतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे बसवतात. त्यांना त्या ‘फुले’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. सांगण्याचा मुद्दा असा, की चिंधी जपून ठेवणे हे दारिद्र्याचे लक्षण नसून ती एक जुनी आणि दूरवर पसरलेली विद्या आहे. तिची पहिली पायरी म्हणजे चिंध्या जमिनीवर पडू न देणे.

साहित्य

या पिशवीला बाजारातून काही आणावे लागत नाही. बाहेरच्या अंगासाठी तळहाताएवढ्या किंवा त्याहून मोठ्या सुती चिंध्या, त्यांना आधार म्हणून मांजरपाट किंवा जुने सुती कापड, आतून अस्तर, अर्धा किलो कोरडी बारीक वाळू, सुताराकडचा मूठ-दोन मूठ लाकडाचा भुसा, पंक्चरवाल्याकडून फुटक्या सायकल ट्यूबचा तुकडा आणि खोकी बांधण्याची प्लॅस्टिकची पट्टी २० इंच. आमच्या गावात सुताच्या कोनांची खोकी येतात, त्यामुळे असली पट्टी रस्त्यातही सापडते. इतरांनी वाण्याकडे मागावी.

अस्तर पांढरे किंवा फिकट आणि शक्य तो गुळगुळीत घ्यावे. गुळगुळीत कापडाला दोरे चिकटत नाहीत, त्यामुळे पिशवी झटकन रिकामी होते. फिकट रंगावर चुकून पडलेली टाचणी चटकन दिसते. कापड सुती असल्यास आधी धुऊन इस्त्री करावी, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि पिशवीला सुरकुत्या पडतात.

मापे

बाहेरचे अंग २० × १०½ इंच. अस्तर २० × ९ इंच. तळासाठी ७ इंच व्यासाची दोन वर्तुळे, एक बाहेरचे व एक अस्तराचे. पट्ट्यासाठी ७ × ९ इंचाचा तुकडा. टाचण्यांच्या उशीसाठी ५ × ७ इंचाचे दोन तुकडे आणि वाळूच्या आतल्या पिशवीसाठी त्याच मापाचे मांजरपाटाचे चार तुकडे. शिवणीसाठी सगळीकडे अर्धा इंच सोडलेला आहे.

तळाचे माप असेच का, ते समजून घेतले तर कोणत्याही मापाची पिशवी करता येईल. २० इंच लांबीच्या दोन टोकांना शिवणीत अर्धा अर्धा इंच गेला, की घेर १९ इंच राहतो. घेराला ३.१४ ने भागले, की व्यास जवळजवळ ६ इंच येतो. त्यात दोन्ही बाजूंचा शिवणीचा अर्धा अर्धा इंच मिळवला, की ७. दहावीच्या भूमितीचा पुढे काही उपयोग नाही असे म्हणणाऱ्या कला शाखेच्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावे. तयार पिशवी साडेआठ इंच खोल होते आणि तिच्यात सुमारे चार लिटर माल मावतो.

कृती

१. आधाराच्या कापडावर चिंध्या मांडून घ्याव्या. मधला तुकडा आधी टाचावा. पुढचा तुकडा त्यावर सुलट बाजूला सुलट बाजू लावून ठेवावा, कडेने टीप मारावी आणि उलटून इस्त्री करावी. असे करीत २० × १०½ चे अंग भरावे. तळाचे बाहेरचे वर्तुळही याच रीतीने भरावे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. मुंढ्याचे आणि गळ्याचे तुकडे बहुधा उरेब असतात. उरेब कापड ओढले, की लांबते. अशा तुकड्यांना खाली उभ्याआडव्या धाग्याचा आधार नसेल, तर पिशवी भरल्यावर एका अंगाला लोंबू लागते. आधाराचे कापड घ्यायचे ते यासाठीच.

२. पट्ट्याचा तुकडा लांबीच्या दिशेने दुमडून, सुलट बाजू आत ठेवून शिवावा आणि उलटावा. तीन इंच रुंदीचा दुपदरी पट्टा तयार होतो. त्याचे एक टोक अर्धा इंच आत दुमडावे. बाहेरच्या अंगाच्या सुलट बाजूवर, उजव्या कडेपासून दोन इंच सोडून आणि वरच्या कडेपासून साडेतीन इंच खाली ते टोक ठेवावे. पट्ट्याचा उरलेला भाग वरच्या दिशेने मोकळा राहील. दुमडलेल्या टोकावर पाऊण इंच उंचीचा चौकोन शिवून त्यात फुली मारावी. सगळे वजन याच चौकोनावर येणार आहे.

३. आता २० इंचाची दोन टोके जोडून नळी करावी. नळीच्या खालच्या कडेला दर अर्ध्या इंचावर पाव इंच खोल काप द्यावेत. नळी आणि वर्तुळ या दोहोंचे चार सारखे भाग करून खडूने खुणा कराव्यात, खुणेला खूण टाचावी आणि सावकाश शिवावे. काप दिल्यामुळे सरळ कड गोलाईवर वळते. न दिल्यास चुण्या पडतात. अस्तराचीही अशीच दुसरी नळी करावी.

४. बाहेरची पिशवी सुलट करावी. अस्तर उलटेच ठेवून तिच्या आत बसवावे. बाहेरच्या अंगाची वरची कड आधी अर्धा इंच व मग एक इंच आत दुमडून अस्तरावर आणावी आणि शिवावी. हा झाला नेफा. तो शिवताना पट्टा बाजूला धरावा आणि एक इंच जागा उघडी सोडावी. तेथून प्लॅस्टिकची पट्टी आत सरकवून तिची टोके एक इंच एकमेकांवर चढवावीत, चिकटपट्टीने बांधावीत आणि तोंड हाताने शिवून टाकावे. पिशवीचे तोंड आता सदैव उघडे राहील. तोंड मिटलेल्या पिशवीत कोणी चिंधी टाकीत नाही, शेजारी टाकतो, हा अनुभव आहे.

५. उशीच्या खालच्या तुकड्यावर सायकल ट्यूबच्या एकेक इंच रुंदीच्या दोन पट्ट्या शिवाव्यात. रबर मशीनच्या दाबपट्टीला चिकटते आणि पुढे सरकत नाही. त्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवून शिवावे व नंतर कागद फाडून काढावा. मग उशीचे दोन्ही तुकडे सुलट बाजू आत ठेवून लावावेत. पट्ट्याचे मोकळे टोक त्यांच्यामध्ये, एका लांब कडेच्या शिवणीत येईल असे धरावे. तीन बाजू शिवून उलटावे. मांजरपाटाची दुहेरी पिशवी वाळू भरून पक्की बंद करावी आणि ती तळाशी ठेवावी. वर भुसा दाबून भरावा आणि चौथी बाजू हाताने शिवावी.

जेथे चार-सहा पदर एकत्र येतात, तेथे १४ नंबरची सुई काढून १६ नंबरची घालावी, पॅडलवरून पाय काढावा आणि चाक हाताने फिरवून चार टाके घ्यावेत. आमच्या घरची सुई असल्याच जागी मोडली होती. हे एक वाक्य कोणी लक्षात ठेवले, तरी माझ्या लेखाचे सार्थक होईल.

माझ्या चुका

माझी पहिली पिशवी मी वाळूऐवजी तांदूळ घालून केली. तांदळाची उशी हलकी झाली आणि पिशवी अर्धी भरताच सगळे दाणकन खाली आले. पावसाळ्यात त्या तांदळात टोके झाले ते वेगळेच. दुसऱ्या खेपेस वाळू घातली, पण टेबलावरचा सनमायका गुळगुळीत. उशी हळूहळू कडेकडे सरकू लागली. तेव्हा कळले, की नुसते वजन वाढवून भागत नाही, घर्षणही हवे. ते काम ट्यूबच्या रबराने केले. टाचण्या थेट वाळूत खुपसू नयेत. ओलसर वाळूत त्या गंजतात आणि कोरड्या वाळूत नीट उभ्या राहत नाहीत. म्हणून वर भुशाचा थर द्यायचा.

तिसरी चूक जागेची. पिशवी मी उजव्या बाजूला अडकवली. तिकडे मशीनचे चाक आणि पट्टा. एके दिवशी पिशवीबाहेर लोंबणारा दोरा पट्ट्यात गुंडाळला गेला आणि मशीन अडले. आईने न बोलता पिशवी उचलून डाव्या कोपऱ्यात ठेवली. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “अगं, कात्री उजव्या हातात असते. चिंधी राहते ती डाव्या हातात.” पंचवीस वर्षे शिवणकाम केलेल्या बाईला जे हाताने ठाऊक होते, ते मला दोन पिशव्या वाया घालवून समजले.

काय टाकावे, काय टाकू नये

या पिशवीत मोडकी सुई किंवा वाकडी टाचणी कधीही टाकू नये. त्यासाठी औषधाची रिकामी, घट्ट झाकणाची बाटली मशीनपाशी ठेवावी. सुई मोडली, की तिचे सर्व तुकडे जुळवून पाहावेत आणि ते बाटलीत गेल्याशिवाय काम पुढे सुरू करू नये. पिशवी रिकामी करण्यापूर्वी आम्ही जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले चुंबक कातरणातून फिरवतो. सुई पोलादी असल्यामुळे चटकन चिकटते. पितळी टाचणी मात्र चुंबकाला दाद देत नाही, तेव्हा डोळ्यांनीही पाहावे लागते.

आठवड्यातून एकदा पिशवी वर्तमानपत्रावर ओतून वाटणी करावी. तळहाताएवढे सुती तुकडे वाकळेला. लांब पट्ट्या नाड्यांना आणि गोटाला. बारीक कातरण उशीत भरायला. टेरीकॉट, नायलॉन यांसारख्या कृत्रिम धाग्यांचे तुकडे वेगळे ठेवावेत. ते पाणी टिपत नाहीत आणि विस्तवाजवळ वितळून हाताला चिकटतात, म्हणून हातपुसणे किंवा भांडे उतरवण्याचे फडके त्यांचे करू नये. दोऱ्यांची लांब टोके अंगणात फेकू नयेत. पक्षी ती घरट्याला नेतात आणि पिलांच्या पायांना त्यांचे फास बसतात.

शेवटी

आमची आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, पण ओवून दिला तर तिचा धावदोरा आजही रेघेसारखा सरळ पडतो. पूर्वी ती मशीनखाली वाकून, चाचपडत चिंध्या गोळा करायची आणि मी वैतागायची. “पोरी, टाकू नगंस, वाकळंला व्हईल,” हे तिचे पालुपद. आता दर रविवारी मी पिशवी तिच्यापुढे ओतते. ती रंग नीट पाहू शकत नाही. बोटांनी पोत चाचपून रुबिया कोणता आणि पॉपलीन कोणते ते सांगते, आणि बहुधा चुकत नाही. भाऊ शेजारी बसून तिला सुया ओवून देतो आणि शेवटी प्रत्येक सुई मोजून डबीत ठेवतो. मोजण्याचे काम त्याने आपणहून घेतले आहे.

यंदा आजीची एक वाकळ पुरी झाली. तिच्यात माझ्या मैत्रिणींच्या ब्लाऊजचेही तुकडे आहेत, कारण त्यांच्यापैकी तिघी आता आईकडेच शिवायला टाकतात. माझ्या पाठीवरचे लाल टोक जिने दाखवले होते, तिच्या निळ्या रुबियाचा त्रिकोण वाकळेच्या एका कोपऱ्यात बसला आहे. मी तो तिला दाखवला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “मला एक पिशवी शिवून दे ना गं.”

मी शिवून दिली नाही. मापे लिहून दिली. तीच येथे सर्वांसाठी दिली आहेत.

— तृतीय वर्ष, कला शाखा